वरूनच बंद आहे

सोलापुरात कुठल्याही खिडकीसमोर उभं राहा. खिडकी बँकेची असो, रेशन दुकानाची असो की सात-बाऱ्याची, आतला माणूस मान वर न करता एकच वाक्य बोलतो, "सर्व्हर डाऊन आहे." सूर असा, की आपण काम घेऊन नाही तर समाचाराला आलो आहोत. मीही मग चेहरा पाडून हळूच विचारतो, "कधीपासून?"

"सकाळपासून."

"काही आशा?"

"बघू. वरून चालू झालं तर."

मी पिशवी उचलून घरी येतो. सर्व्हर दिसतो कसा, राहतो कुठे, डाऊन झाल्यावर त्याला कुणी उठवतं की तो आपणहून उठतो, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. त्या माणसालाही ते माहीत नसावं असा मला दाट संशय आहे. पण तो खिडकीच्या आत असतो आणि मी बाहेर. आतल्याला सगळं माहीत असतं असं धरून चालायची आपल्याकडे रीत आहे.

आणि 'वरून' हे प्रकरण तर सोलापूरकराला नवं नाहीच. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी आमच्या नळाला रोज पाणी आल्याचं कुणाला आठवत नाही. पाण्याच्या पाळीच्या दिवशीही नळ कोरडा राहिला, तर चावीवाला सायकलला टेकून सांगतो, "वरूनच प्रेशर नाही की वो." त्यामुळे 'वरून' म्हटलं की आम्ही पुढचं काही विचारत नाही.

तसा या डाऊन होण्याला मोठा इतिहास आहे. ज्यातून पुढे इंटरनेट उभं राहिलं त्या अर्पानेटवर २९ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिला संदेश गेला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संगणकावरून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला 'लॉगिन' एवढा एकच शब्द धाडायचा होता. 'एल' पोचला, 'ओ' पोचला आणि यंत्रणा कोसळली. नेटवर्कवरचा पहिला निरोप दोन अक्षरांचा, आणि तिसऱ्या अक्षराला सर्व्हर डाऊन! त्या लोकांनी तासाभरात सगळं पुन्हा सुरू केलं म्हणतात. आमच्या खिडक्यांनी त्यांची परंपरा मनापासून जपली, फक्त हा तासाभराचा भाग तेवढा वगळला.

खिडकीत भेटणारं हे दुःख यंदा गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात घरी चालत आलं. आम्ही उत्तर कसब्याच्या बाजूला, जुन्या गल्लीत राहतो. ऐन यात्रेत, पोरंबाळं होम मैदानावर पाळण्यात बसायला गेलेली असताना, दुपारी घरातलं नेट बंद पडलं. मी ज्यांच्याकडून जोडणी घेतली आहे त्यांना फोन लावला.

"नेट बंद आहे."

"वरूनच बंद आहे की वो, सर."

"वरून म्हणजे नेमकं कुठून?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ठामपणे, "वरूनच."

मी नकळत छताकडे पाहिलं. तिथे पाल होती. तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

आपल्याकडे कुणाच्या घरी आजारी माणूस असला की गल्ली जमते, तशी आता नेट गेलं की जमते. पहिले आले शेजारचे अण्णा. टॉवेलच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, पण 'कनेक्शन' म्हटलं की चप्पल न घालता निघतो. ते म्हणाले, "राउटर बंद करायचं, दहा मोजायचं, परत चालू करायचं." वरच्या खोलीत राहणारा इंजिनिअरिंगचा मुलगा जिन्यावरूनच ओरडला, "दहा नाही अण्णा, तीस!" यावरून गल्लीत दोन तट पडले. दोन्ही तटांनी आपापली मोजणी माझ्याच राउटरवर पार पाडली. मग निवृत्त बँकवाले काका आले. त्यांनी वायर उपसली, तिच्या तोंडावर फुंकर मारली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि परत खोचली. राउटर खिडकीत ठेवून झाला, कपाटावर ठेवून झाला, देवघराशेजारी ठेवून झाला. त्याला हळदकुंकू लावायचं तेवढं राहिलं.

आता हे बंद-चालू अगदीच अंधश्रद्धा आहे असं नव्हे. राउटरच्या डोक्यात चालू जोडण्यांच्या याद्या साठत जातात, कधी एखादी आज्ञावली मध्येच अडकून बसते. वीज काढली की तो सगळं विसरतो आणि कोऱ्या मनाने उठतो. पण जिथे खोक्यापर्यंत नेटच येत नाही, तिथे कितीही मोजलं तरी काय होणार? हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण प्रत्येकाला पुढचा आकडा मोजायची घाई होती.

संध्याकाळपर्यंत माझ्या एक लक्षात आलं. गल्लीतला प्रत्येकजण या विषयात काही ना काही बोलत होता आणि मी एकटाच गप्प होतो. घर माझं, बिल माझ्या नावावर, आणि परिभाषा मात्र लोकांकडे! दुसऱ्या दिवशी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून संगणक-नेटवर्कची तोंडओळख करून देणारं एक पाठ्यपुस्तक आणलं. आधीच्या मालकाने पहिल्या प्रकरणातल्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघ मारलेली होती आणि दुसऱ्या प्रकरणाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मी ती सुरीने सोडवली. शिक्षण असं धारेवरच सुरू झालं.

प्रांजळपणे सांगतो, पुस्तक वाचण्यात माझा हेतू नेट सुरू करण्याचा नव्हता. मला नेट बंद असताना बोलायचं होतं.

पहिल्यांदा भेटले हब आणि स्विच. हबमध्ये एका तारेतून जे येईल ते तो बाकीच्या सगळ्या तारांतून सोडून देतो. ज्याचं असेल त्याने घ्यावं, इतरांनी कान बंद करावेत. स्विच मात्र कुठल्या तारेच्या टोकाला कोणतं यंत्र आहे हे लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच देतो. हा भाग मला एका वाचनात समजला, कारण आमच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या काकू म्हणजे साक्षात हब. स्विच आमच्या गल्लीत कुणी नाही.

मग आला प्रोटोकॉल. दोन यंत्रांनी बोलताना पाळायचे नियम. त्यातला टीसीपी नावाचा नियम मला फार आवडला. त्यात काही पाठवण्याआधी एक यंत्र विचारतं, "बोलू का?" दुसरं म्हणतं, "बोला की. मीही बोलू का?" पहिलं म्हणतं, "बोला." असे तीन निरोप झाल्याशिवाय मुद्द्याची गोष्ट निघत नाही, आणि पुढेही प्रत्येक गोष्टीची पोच घेतली जाते. मध्ये काही गहाळ झालं तर ते पुन्हा पाठवलं जातं. याउलट यूडीपी. तो विचारत नाही, पोच मागत नाही, पाठवून मोकळा. व्हिडिओ कॉलवर घाई असते म्हणून तिथे बहुतेक तोच चालतो. मधले दोन शब्द गेले तर गेले. मी जेवताना टीसीपीचे गोडवे गायलो. म्हटलं, "माणसाने असं विचारून, पोच घेऊन बोलावं." बायको आमटी वाढता वाढता म्हणाली, "मी परवा विचारलं, सिलिंडर सांगितला का? त्याची पोच अजून आलेली नाही."

सगळ्यात जास्त अभिमान मला माझ्या आयपी पत्त्याचा वाटला. संगणकात हुडकून काढला: १९२.१६८.१.५. डायरीत आधार क्रमांकाच्या खाली लिहिला, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या घरी, त्यांचा काही संबंध नसताना, त्यांच्या लॅपटॉपवर तोच खटाटोप करून पाहिला. १९२.१६८.१.५! मी हादरलो. चाळीस वर्षांचा शेजार, आणि माणसाने आपला पत्ता लाटावा?

वरच्या मुलाने समजूत घातली. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते ३२ बिटांचे, म्हणून सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी. जगात माणसंच त्याच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय प्रत्येकाचा फोन, टीव्ही, कॅमेरा. पत्ते पुरणार कसे? म्हणून काही आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. ते कुणीही आपल्या घरात वापरावेत; बाहेर पडताना राउटर ते झाकतो आणि सगळ्या घराच्या वतीने एकच पत्ता पुढे करतो. सोलापुरात, साताऱ्यात, सिंगापुरात लाखो घरांत १९२.१६८.१.५ सुखाने नांदत असतो.

"आणि तो तुमचा कायमचाही नाही," मुलगा म्हणाला. "राउटर तो मुदतीवर देतो. त्याला लीजच म्हणतात. मुदत संपली की नूतनीकरण, नाहीतर दुसऱ्याला."

म्हणजे माझ्याच घरात माझ्याच टेबलावरचं दीड वीत खोकं मला भाडेकरू म्हणून ठेवून होतं. आणि हे मला कोण सांगतंय, तर माझा भाडेकरू. त्याचं गेल्या महिन्याचं भाडं बाकी होतं. हे नूतनीकरणाचं शास्त्र त्याला इतकं पाठ असूनही.

अण्णांचा दिमाख वेगळाच. "आपलं शंभरचं कनेक्शन आहे," हे ते दूधवाल्यालाही सांगतात. शंभर एमबीपीएस. मग शंभर एमबीचा पिक्चर एका सेकंदात का उतरत नाही, यावर ते वर्षभर खालच्या आवाजात चिडलेले. पुस्तकात उलगडा होता. कंपनी वेग सांगते बिटात, आपण फाईल मोजतो बाइटात, आणि एका बाइटात आठ बिट. म्हणजे शंभराचे सेकंदाला साडेबारा. हे मी अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. जन्मभर इंच-सेंटिमीटरचा हिशोब चोख ठेवलेला माणूस तो. मग म्हणाले, "आमच्या कारखान्यात असं मापात केलं असतं तर गिऱ्हाईकानं टॉवेलनंच बडवलं असतं."

नेट काही येत नव्हतं. शेवटी हिने पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कातल्या पुतण्याला फोन लावला. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक मुलगा हिंजवडीला असतो. तो तिथे नेमकं काय करतो हे घरच्यांना ठाऊक नसतं, पण टीव्हीपासून गिझरपर्यंत काहीही बिघडलं की त्याला विचारतात.

"काका, पिंग मारा," तो म्हणाला.

"कुणाला?"

"आधी स्वतःला मारा. १२७.०.०.१."

मी काळ्या पडद्यावर आकडे टाकले. लगोलग चार उत्तरं आली, एका मिलिसेकंदाच्या आत. इतक्या तत्परतेने या घरात मला उत्तर देणारा मी स्वतःच आहे, हे जाणवून थोडं वाईट वाटलं.

"आता ८.८.८.८ ला मारा."

मारला. काही नाही. परत मारला. काही नाही. "डीएनएस असेल," पुतण्या म्हणाला. काकांनी मान हलवली, "डीएनएसच." अण्णा म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटलालंय." डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा, हे मी नुकतंच वाचलं होतं. मी तर नाव टाकलंच नव्हतं, थेट आकडाच टाकला होता. मग डीएनएस मध्ये आला कुठून? मी हे विचारणार होतो, पण सगळी इतकी एका सुरात मान हलवत होती, की मीही हलवली.

हे पिंग १९८३ साली माईक म्यूस नावाच्या गृहस्थाने लिहिलं. पलीकडचा जागा आहे का, एवढंच ते विचारतं. पण त्याची सर्वांत गमतीदार चाचणी नॉर्वेत झाली. १ एप्रिल १९९० ला कुणीतरी कबुतरांच्या पायाला कागद बांधून इंटरनेट कसं चालवावं याचा रीतसर, नियमबद्ध मसुदा थट्टेने प्रसिद्ध केला होता. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या हौशी मंडळींनी तो खराच अमलात आणला. पिंगची नऊ पाकिटं कबुतरांमार्फत पाठवली, चारांची उत्तरं आली. उत्तराला कमीत कमी पाऊण तासाच्या वर आणि जास्तीत जास्त पावणेदोन तास लागले. मी हे गल्लीला वाचून दाखवलं. बँकवाले काका म्हणाले, "नऊपैकी चार? आपल्यापेक्षा बरं आहे."

खरं सांगायचं तर आपलं लांबच्या प्रवासात काही बिघडतच नाही. काचेच्या तंतूतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर धरलं, तर हुतात्मा एक्सप्रेस जिथे काही तास खाते तिथे उजेड सव्वा मिलिसेकंदात पोचतो. पुण्याहून आमच्या चौकापर्यंत सव्वा मिलिसेकंद, आणि चौकातून माझ्या टेबलापर्यंत आठवडा. सगळी गंमत त्या शेवटच्या पन्नास पावलांत आहे.

पुस्तकाचं सहावं प्रकरण सात थरांचं. नेटवर्क समजून घ्यायला १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्याचे सात थर ठरवून दिले. सगळ्यात खाली तार आणि तिच्यातला संकेत, सगळ्यात वर आपण बघतो ते ॲप, मध्ये पाच. सात म्हटल्यावर मी खूश झालो. आमच्या यात्रेच्या मिरवणुकीत मानाचे नंदीध्वज सात, सात रस्ता चौक वेगळाच. हे शास्त्र मूळचं सोलापूरचंच, असं सिद्ध करायला मला दहा मिनिटं लागली असती. त्याच पानावर तळाशी लिहिलं होतं: बिघाड शोधताना खालच्या थरापासून सुरुवात करावी. आधी तार पाहावी. हे वाक्य मी मोठ्याने वाचलं, सगळ्यांना पटलं, आणि आम्ही पुन्हा डीएनएसकडे वळलो. तार पाहण्यात कसली आलीय विद्वत्ता?

तार पाहिली ती भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी. फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "ते लाल दिवा कवापासून लुकलुकलालंय वो?"

"मावशी, हात लावू नका," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

दिव्याखाली तीन अक्षरं होती, एल-ओ-एस. बँकवाल्या काकांनी चष्मा वर करून निदान केलं, "लॉस. कंपनी तोट्यात आहे." माझ्या पुस्तकात वेगळंच होतं: उजेडाचा संकेतच पोचत नाही, तेव्हा हा दिवा लागतो. पिंग नको, डीएनएस नको, मोजणी नको. तो दिवा पहिल्या दिवसापासून आमच्याकडे बघून हेच सांगत होता.

गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर एकदाचा जोडणीवाला मुलगा आला. खांद्यावर पिशवी, कानाला इअरफोन, हातात पेनासारखी लाल उजेडाची बॅटरी. त्याने माझ्या ज्ञानाला एकही प्रश्न विचारला नाही. खोक्यातून वायर काढली, बॅटरी लावली आणि वायर जाईल तिकडे चालू लागला. त्याच्या मागे मी, माझ्या मागे अण्णा, काका, वरचा मुलगा आणि फोनवर हिंजवडी.

नंदीध्वजांची उंची मोठी. ते डौलाने जावेत म्हणून मिरवणुकीच्या वाटेवरच्या आडव्या तारा दरवर्षी काढाव्या किंवा उचलाव्या लागतात. आमची वायरही कुणीतरी सोडली होती आणि ध्वज गेल्यावर घाईने बांधली होती. अण्णांच्या भिंतीवरच्या खिळ्याला एक पीळ, समोरच्या गॅलरीला एक गाठ, मध्ये चांगला झोळ. त्या झोळावर चार मोठे टेरी टॉवेल वाळत होते, चिमटे लावून. ओले होते. वजनाने वायर खिळ्याशी पार दुमडली होती आणि दुमडलेल्या जागी लाल ठिपका लखलखत होता.

"आत काच आहे की वो," मुलगा म्हणाला. "केसाएवढी. जास्त वाकवली की उजेड बाहेर सांडतो." मग अण्णांकडे वळून, "मालक, ही दोरी नाही."

अण्णा जराही गडबडले नाहीत. "दोरी नाही तर इतकी मजबूत कशाला केली बे?"

प्रश्न रास्त होता. तिच्यात ताण सोसायला पोलादी तार घातलेली असते. टॉवेलांसाठी नव्हे, एवढंच.

मी मुलाला म्हटलं, "आणि तुमच्याकडे फोन केला तर वरूनच बंद आहे म्हणत होते!"

त्याने मान वर करून टॉवेलांकडे पाहिलं. "मग? वरूनच होतं की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. त्याने वायर सोडवली, दुमडलेला तुकडा कापला, टोकं जोडली, खिळ्याऐवजी हुकाला अडकवली. दिवा हिरवा झाला. वरचा मुलगा भाड्याचा विषय निघायच्या आत जिना चढून गेला.

नेटवर्कवाल्यांच्या गोटात आठव्या थराची एक थट्टा चालते, ती मला नंतर पुतण्याने सांगितली. थर सात संपले की वर जो माणूस बसलेला असतो, तो आठवा. बहुतेक बिघाड तिथला असतो म्हणे. तेव्हा तुमच्याकडे नेट गेलं तर आधी दिवा बघा, मग वायरीमागून चालत जा, आणि त्यानंतर खुशाल हिंजवडीला फोन लावा. वाटेत कुणाचे टॉवेल दिसले तर मात्र जपून बोला. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, वायरीला नाही.